उत्तरेचा प्रकाश आणि हलती बोट

नॉर्वे देशाचा किनारा म्हणजे असंख्य बेटांचा, दूरवर आत शिरलेल्या खाड्यांचा आणि पाण्यातून सरळ वर उठलेल्या कड्यांचा किनारा होय. या किनाऱ्याने दक्षिणेकडील बर्गेनपासून रशियाच्या सरहद्दीजवळच्या किर्केनेसपर्यंत माल आणि उतारू घेऊन बोटी ये-जा करतात. वाटेत ३४ बंदरे लागतात आणि जाऊन-येऊन प्रवासाला सुमारे १२ दिवस लागतात. एकेकाळी मुंबईहून निघून रत्नागिरी, मालवण अशी बंदरे घेत गोव्याला जाणारी आगबोट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या वाहतुकीची कल्पना सहज येईल. ही वाहतूक २ जुलै १८९३ रोजी सुरू झाली. त्या दिवशी रिचर्ड विथ या कप्तानाची 'वेस्टरोलेन' ही आगबोट ट्रॉनहेम बंदरातून हामरफेस्टकडे निघाली. हिवाळ्यातील लांबच लांब रात्रींत, खडकांनी भरलेल्या त्या अरुंद जलमार्गांतून नियमित वाहतूक करणे अशक्य आहे, असे तोपर्यंत बहुतेक दर्यावर्दी मानीत. विथ आणि त्याचा वाटाड्या आंदेर्स होल्टे यांनी प्रत्येक वळणाची दिशा, बोटीचा वेग आणि लागणारा वेळ यांची टिपणे करून ठेवली होती. होकायंत्र आणि घड्याळ एवढ्यांच्या आधाराने ते काळोखातून बोट नेऊ शकत होते.

ज्या काळोखाचे भय त्या काळच्या खलाशांना वाटे, त्याच काळोखासाठी आज जगभरचे प्रवासी मुद्दाम हिवाळ्यात या बोटींवर येतात. आर्क्टिक वृत्त ओलांडले की आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसण्याची शक्यता असते, आणि तो पाहण्याइतकीच त्याचे छायाचित्र घेण्याची इच्छा प्रत्येकाच्या मनात असते. हलत्या बोटीवरून हे छायाचित्र घेणे कठीण आहे. ते का कठीण आहे, त्यावर तोड काय, आणि शेवटी जे छायाचित्र हाती येते ते कितपत खरे मानावे, हे प्रश्न या प्रकाशाइतकेच विचार करण्याजोगे आहेत.

प्रथम या प्रकाशाचे स्वरूप थोडक्यात पाहणे इष्ट ठरेल. सूर्यापासून विद्युत्भारित कणांचा वारा अखंड वाहत असतो. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्याला बहुतांशी बाजूस सारते. परंतु या संघर्षात त्या क्षेत्राच्या रात्रीकडील लांब शेपटीत ऊर्जा साठत जाते आणि ती मोकळी झाली की इलेक्ट्रॉन चुंबकीय बलरेषांवरून वेगाने खाली येतात. जमिनीपासून १०० किलोमीटर आणि त्याहून अधिक उंचीवरील विरळ हवेतील अणुरेणूंवर ते आदळतात. त्या आघाताने उत्तेजित झालेले अणू पुन्हा पूर्वस्थितीला येताना प्रकाश देतात. नेहमी दिसणारा हिरवा रंग प्राणवायूच्या अणूंचा. अतिउंचावर, २०० किलोमीटरच्याही वर दिसणारा तांबडा रंगही प्राणवायूचाच. आणि पडद्याच्या खालच्या काठावर क्वचित झळकणारी गुलाबी-जांभळी किनार नायट्रोजनची. हे सर्व चुंबकीय ध्रुवाभोवतीच्या एका लंबवर्तुळाकार पट्ट्यात घडते. उत्तर नॉर्वेचा किनारा या पट्ट्याच्या बरोबर खाली येतो. म्हणून सूर्यावर मोठी खळबळ नसलेल्या साध्या रात्रीही त्रोम्सोच्या आसपास हा प्रकाश दिसू शकतो. अडथळा असतो तो ढगांचा. उष्ण सागरी प्रवाहामुळे हा किनारा हिवाळ्यातही गोठत नाही. परंतु तीच ऊब आणि आर्द्रता आकाश वारंवार झाकूनही टाकते. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत त्रोम्सोला सूर्य उगवतच नाही. त्या काळात काळोख भरपूर मिळतो. मात्र संपाताच्या, म्हणजे दिवस-रात्र समान होण्याच्या सुमारास चुंबकीय हालचाल वाढते. त्यामुळे फेब्रुवारीच्या अखेरीचे आणि मार्चचे दिवस अनेक जाणकार पसंत करतात.

या प्रकाशाचे छायाचित्र घेण्याची धडपड जुनी आहे. सोफुस त्रोमहोल्ट या डॅनिश शिक्षकाने १८८२-८३ चा हिवाळा उत्तर नॉर्वेतील कौतोकेनो या गावी काढला. परंतु त्याच्या काचा कोऱ्याच राहिल्या. त्या वेळची रासायनिक काच इतक्या मंद प्रकाशाला दाद देत नसे. त्याने मग ध्रुवीय प्रकाशाची चित्रे हाताने काढली आणि कॅमेरा तेथील सामी लोकांकडे वळवला. ती व्यक्तिचित्रे आज मोठा ठेवा मानली जातात. पुढे १८९२ च्या हिवाळ्यात मार्टिन ब्रेंडेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाला आल्टाच्या खाडीवरील बोसेकोप येथे या प्रकाशाची ओळखण्याजोगी प्रतिमा मिळाली. खरी क्रांती घडवली ती कार्ल स्टर्मर या नॉर्वेजियन गणितज्ञाने. सिनेमाच्या यंत्रासाठी बनवलेले रुंद तोंडाचे भिंग वापरून त्याने झडप उघडी ठेवण्याचा काळ काही सेकंदांवर आणला. १९१० साली बोसेकोप येथेच त्याने दोन ठिकाणी दोन कॅमेरे उभे केले, ती ठिकाणे दूरध्वनीच्या तारेने जोडली आणि एकाच क्षणी, एकाच दिशेने छायाचित्रे घेतली. दोन्ही चित्रांत मागचे तारे तेच; परंतु पुढचा प्रकाश ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकलेला. त्या सरकण्यावरून त्रिकोणमितीने उंची काढता आली. १९१३ साली त्याने दोन ठिकाणांमधील अंतर सुमारे २७ किलोमीटरपर्यंत वाढवले. ध्रुवीय प्रकाशाचा खालचा काठ बहुधा १०० किलोमीटरच्या आसपास असतो, हे अशा हजारो छायाचित्रांनी निश्चित झाले. डोंगरमाथ्याला टेकलेला वाटणारा हा पडदा प्रत्यक्षात किती दूर आहे, याचा वाद डोळ्यांनी मिटला नसता. तो कॅमेऱ्याने मिटवला.

स्टर्मरची तिवई घट्ट जमिनीवर उभी होती. बोटीवरच्या प्रवाशाला मात्र पायाखाली स्थिर असे काहीच मिळत नाही. मंद प्रकाशाचे चित्र घ्यायचे तर कॅमेऱ्याची झडप, म्हणजे शटर, बराच वेळ उघडी ठेवावी लागते. जमिनीवरचा छायाचित्रकार ती ५ ते १५ सेकंद निर्धास्तपणे उघडी ठेवतो. बोटीवर तेवढ्या वेळात तारे बिंदूंऐवजी वेड्यावाकड्या रेघा होऊन उमटतात.

ही अडचण आकड्यांत मांडली की तिचा उपायही दिसू लागतो. बोट दोन्ही बाजूंना केवळ १ अंश कलते आणि असा एक झोका पुरा व्हायला १२ सेकंद लागतात, असे धरून चालू. प्रवाशाला तर ही हालचाल जाणवणारही नाही. झोक्याच्या मध्यावर, बोट सर्वांत वेगाने कलत असताना झडप १ सेकंद उघडली, तर तेवढ्यात आकाश सुमारे अर्धा अंश सरकते. आकाशात पूर्ण चंद्राची रुंदी एवढीच असते. म्हणजे प्रत्येक तारा चंद्राएवढा लांब ओघळतो. आता तीच झडप झोक्याच्या टोकाला उघडून पाहू. झोपाळा वर गेल्यावर परत फिरण्यापूर्वी क्षणभर थबकतो, तशीच बोटही थबकते. त्या एका सेकंदात आकाश जे सरकते, ते आधीच्या सरकण्याच्या जेमतेम पंधराव्या भागाइतके. तोच कॅमेरा, तीच बोट, तेवढाच काळ; फरक केवळ क्षण निवडण्याचा. म्हणून अनुभवी छायाचित्रकार प्रथम काही मिनिटे कठड्यावरून क्षितिजाकडे नुसते पाहत राहतो, बोटीची लय अंगात भिनू देतो आणि मग टोकावरचा क्षण साधतो. अर्थात प्रत्यक्षात बोट एकाच दिशेने झुलत नाही. ती पुढेमागेही डोलते आणि बेटांमधून वाट काढताना वळतेही. त्यामुळे दहा चित्रांतून एखादेच साधते. परंतु ते साधते ते याच रीतीने.

बोटीच्या पुढे जाण्याचे काय, अशी शंका येथे कोणी घेईल. ताशी १५ सागरी मैलांच्या वेगाने बोट २ सेकंदांत सुमारे १५ मीटर पुढे जाते. शंभर किलोमीटरवरील प्रकाशाच्या किंवा ताऱ्यांच्या दृष्टीने हे अंतर नगण्य होय. परंतु १ किलोमीटरवर असलेला कडा मात्र तेवढ्यात जवळजवळ १ अंशाने मागे सरतो आणि चित्रात पुसट होतो. म्हणून जवळचा किनारा चित्रात हवा असेल, तर कॅमेरा बाजूकडे न धरता बोटीच्या नाळेच्या दिशेने किंवा मागे सुटणाऱ्या पाण्याच्या पट्ट्याच्या दिशेने धरावा. त्या दिशांना दृश्य फारसे आडवे सरकत नाही. बाजूकडेच पाहायचे, तर दूरच्या डोंगररांगा निवडाव्यात. बुदो बंदर सोडल्यावर बोट वेस्टफ्योर्ड ही रुंद खाडी ओलांडते, तेव्हा समोर लोफोटेन बेटांच्या शिखरांची भिंत असते. अशा दूरच्या रांगा चित्रात रेखीव येतात. मात्र हाच पट्टा उघड्या समुद्राचा असल्याने झोकेही येथेच अधिक. त्रोम्सोच्या पुढे बेटांच्या आडोशाने जाणाऱ्या वाटेवर पाणी बहुधा शांत असते.

जागेची निवडही विचारपूर्वक करावी लागते. धुराड्याजवळ व यंत्रघराच्या वर थरथर अधिक असते, वरच्या डेकवर झोका मोठा वाटतो आणि वारा तर सर्वत्र असतो. वाऱ्याच्या आडोशाची, दिव्यांपासून दूरची आणि बोटीच्या मधल्या भागातली जागा सर्वांत बरी. तिवई लोखंडी डेकवर ठेवली की यंत्राची थरथर तिच्या पायांतून वर चढते. पायांखाली रबराचा जाड तुकडा किंवा कापडाची घडी ठेवली तर ती कमी होते. काही जण तिवई वापरतच नाहीत. पाय फाकवून उभे राहावे, कोपर बरगड्यांना घट्ट लावावेत आणि श्वास रोखून झडप उघडावी. माणसाचे शरीर ही बारीक थरथर बरीचशी शोषून घेते.

झडप थोडाच वेळ उघडी ठेवायची, तर प्रकाशाची भरपाई अन्यत्र करावी लागते. ती दोन मार्गांनी होते. पहिला मार्ग रुंद तोंडाच्या भिंगाचा. एफ २.८ ऐवजी एफ १.४ चे भिंग लावले तर चौपट प्रकाश आत येतो आणि ८ सेकंदांचे काम २ सेकंदांत होते. दुसरा मार्ग कॅमेऱ्याची संवेदनक्षमता, म्हणजे आयएसओ, वाढवण्याचा. ती १६०० वरून ३२०० केली तर २ सेकंदांचे काम १ सेकंदावर येते. याने चित्रात थोडे कण दिसू लागतात. परंतु कणीदार चित्र पाहता येते, ओघळलेले चित्र पाहता येत नाही. भिंग अधिक विस्तृत क्षेत्र टिपणारे असावे. त्यात आकाशाचा मोठा भाग सामावतो आणि हलण्याचा दोषही कमी दिसतो. काळोखात कॅमेऱ्याला आपोआप नजर जुळवता येत नाही. ती एखाद्या तेजस्वी ताऱ्यावर हाताने जुळवून भिंगाचे कडे चिकटपट्टीने पक्के करावे. थंडीत बॅटरी लवकर दम सोडते, म्हणून दुसरी बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावी. समुद्राचे खारे तुषार भिंगावर बसतात, ते कोरड्या कापडाने वरचेवर टिपावेत. आत जाताना कॅमेरा बंद पिशवीत घालूनच न्यावा, नाही तर आतल्या उबदार हवेतील बाष्प थंड काचेवर साकळते. आणि फ्लॅशचा दिवा तर लावूच नये. शंभर किलोमीटरवरच्या प्रकाशाला त्याचा उपयोग नाही. शेजारच्या वीस प्रवाशांनी अर्धा तास काळोखात थांबून कमावलेली दृष्टी मात्र तो एका क्षणात घालवतो.

या शेवटच्या गोष्टीतच विषयाचा गाभा आहे. माणसाच्या डोळ्याला काळोखाची सवय व्हायला २० ते ३० मिनिटे लागतात. त्यानंतरही मंद प्रकाशात काम करणाऱ्या डोळ्यातील पेशींना रंग कळत नाहीत. म्हणून साधारण प्रतीचा ध्रुवीय प्रकाश डोळ्याला करड्या, फिकट ढगासारखा भासतो. तोच कॅमेऱ्याच्या पडद्यावर गडद हिरवा दिसतो. प्रकाश तीव्र झाला की डोळ्यालाही हिरवा रंग आणि गुलाबी किनार दिसते. परंतु प्रत्येक रात्र तशी नसते. छायाचित्रे पाहून आलेला प्रवासी डेकवर उभा राहतो, डोक्यावरचा करडा पट्टा पाहून ढगच असावा असे समजतो आणि निराश होऊन आत जातो. ज्यासाठी तो हजारो मैल आला, ते डोक्यावर असताना त्याला ओळखू येत नाही. हा दोष त्याचा नव्हे. चित्र कसे घेतले हे न सांगता ते पुढे ठेवणाऱ्यांचा आहे.

कॅमेरा खोटे बोलतो, असे यावरून म्हणता येईल काय? तसे म्हणणे योग्य होणार नाही. हिरवा रंग आकाशात असतोच. डोळ्याची क्षमता अपुरी पडते. येथे कॅमेरा डोळ्याहून अधिक जाणतो. परंतु दुसऱ्या एका बाबतीत तो डोळ्याहून कमी जाणतो, आणि ती बाब म्हणजे गती. ध्रुवीय प्रकाशाचे किरण सेकंदासेकंदाला हलतात, पडद्याला चुण्या पडतात आणि उलगडतात. झडप १५ सेकंद उघडी ठेवली की या सर्व हालचाली एकमेकींवर साचून एक गुळगुळीत हिरवा पट्टा तयार होतो. तो देखणा असतो. मात्र तसे दृश्य कोणत्याही एका क्षणी आकाशात नव्हते. झडप १ सेकंद उघडी ठेवली तर चुण्या आणि किरण वेगवेगळे उमटतात. त्याहून फार कमी काळ ठेवूनही विशेष लाभ नाही. कारण उत्तेजित झालेला प्राणवायूचा अणू हिरवा प्रकाश देण्यापूर्वी सरासरी सुमारे पाऊण सेकंद थांबतो आणि तेवढी अस्पष्टता निसर्गानेच ठेवली आहे. तांबड्या प्रकाशाला तर सुमारे पावणेदोन मिनिटे लागतात; म्हणून तांबडी छटा नेहमी संथ, कडा नसलेली असते.

म्हणजे बोटीचे हलणे ज्या मर्यादेत छायाचित्रकाराला कोंडते, ती मर्यादा चित्राच्या सत्यतेला उपकारकच ठरते. जमिनीवरच्या माणसाला दीर्घ काळ झडप उघडी ठेवण्याचा मोह होतो. समुद्र तो मोह पुरवू देत नाही. बोटीवरचे साधलेले चित्र कणीदार असेल, कमी भडक असेल. परंतु डोळ्यांनी पाहिलेल्या हालचालीशी त्याचे नाते अधिक जवळचे असते.

अशा चित्राचे मोल केवळ आठवणीपुरते नसते. कॅनडातील हौशी छायाचित्रकारांनी टिपलेला जांभळट प्रकाशाचा एक अरुंद पट्टा २०१६ च्या सुमारास शास्त्रज्ञांच्या नजरेस आला. तो नेहमीच्या ध्रुवीय प्रकाशाहून वेगळा आहे, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. हौशी मंडळींनी विनोदाने दिलेले 'स्टीव्ह' हेच नाव शास्त्रातही रूढ झाले. तो पट्टा पूर्वीही अनेकांनी पाहिला असेल. परंतु वेळ, स्थळ आणि दिशा यांसह टिपलेली चित्रे एकत्र आली तेव्हाच त्याची चिकित्सा शक्य झाली.

वेळेवर केलेल्या नोंदीचे हे महत्त्व महाराष्ट्राला नवे नाही. सप्टेंबर १८५९ मधील सुप्रसिद्ध सौर वादळाच्या वेळी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय सुईची स्थिती माणसे डोळ्यांनी वाचून वहीत लिहीत होती. दीडशे वर्षांनंतर जगातील संशोधकांनी त्या वादळाची तीव्रता ठरवताना याच नोंदींचा आधार घेतला. पुढे ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात खुद्द मुंबईच्या आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसल्याचे वृत्त नोंदलेले आहे. आणि १० व ११ मे २०२४ च्या मोठ्या सौर वादळात लडाखमधील हान्ले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी उत्तर क्षितिजावरची तांबडी आभा टिपली. ध्रुवापासून इतक्या दूर या प्रकाशाचा केवळ सर्वांत उंच, तांबडा भाग क्षितिजावर डोकावतो. तो डोळ्याला जवळजवळ जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवतो.

यास्तव हिवाळ्यात त्या किनाऱ्याने जाणाऱ्या प्रवाशाने निघण्यापूर्वी कॅमेऱ्याचे घड्याळ बिनचूक लावावे. बोट कोणत्या दोन बंदरांमध्ये होती, कॅमेरा कोणत्या दिशेला होता आणि झडप किती वेळ उघडी होती, हे चित्रासोबत लिहून ठेवावे. चित्रातला रंग नंतर वाढवला असेल तर तेही सांगावे. डोळ्यांना हा प्रकाश कसा दिसला, करडा की हिरवा, संथ की चंचल, हे दोन ओळींत नोंदवले तर चित्राचे मोल दुप्पट होते. आणि कॅमेऱ्याला हात लावण्यापूर्वी डेकवरच्या काळोखात अर्धा तास स्वस्थ उभे राहावे. डोळ्याला सवय झाली म्हणजे मघाशी ढग वाटलेला तो करडा पट्टा हलू लागतो, त्याला चुण्या पडतात, आणि हा ढग नव्हे हे कोणी न सांगताच कळते. त्यानंतर घेतलेले चित्र कणीदार आले तरी हरकत नाही. ज्याचे ते चित्र आहे ते घेणाऱ्याने पाहिलेले असते.